चीजवाल्याचं घर: स्ट्रासबर्ग आणि कोलमार

शुक्रवार

पॅरिसहून वेगवान गाडीने पावणेदोन-दोन तासांत स्ट्रासबर्ग येतं. भाची तिथे रसायनशास्त्रात संशोधन करते, ती स्टेशनवर घ्यायला आली होती. ऑक्टोबरची सुरुवात, आभाळ भरलेलं आणि हवेत गारवा. सामान तिच्या खोलीवर टाकलं आणि लगेच निघालो. मला कॅथेड्रलच्या चौकात उजेड असेपर्यंत पोचायचं होतं.

अरुंद गल्लीतून चालत गेलं की समोर अचानक तांबूस दगडाचा डोंगर उभा राहतो. व्होज पर्वताच्या वालुकाश्मात बांधलेलं हे कॅथेड्रल 142 मीटर उंच. 1439 साली त्याचा मनोरा पुरा झाला आणि सतराव्या शतकाच्या मध्यापासून 1874 पर्यंत जगातली सर्वांत उंच इमारत ती हीच. चौकात उभी असलेली सगळी माणसं माना वर करून त्याच्याकडे बघत होती. मी मात्र डावीकडे वळले. ज्याच्यासाठी आले होते ते घर तिथे कोपऱ्यावर होतं: मेझों कामरझेल, म्हणजे कामरझेलचं घर.

पहिली गोष्ट जाणवते ती रंगाची. आजूबाजूची घरं पांढरी, पिवळट, गुलाबी. हे एकटंच गडद, जवळजवळ काळं. खाली दगडी कमानी. त्यांच्यावर तीन मजले पूर्ण लाकडाचे, आणि प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे आलेला. त्याच्यावर उभ्या उताराचं छप्पर आणि छपरात पुन्हा माळ्यांच्या खिडक्यांच्या रांगा. एकूण 75 खिडक्या आहेत. बहुतेकींना बाटलीच्या बुडासारख्या गोल, जाड काचांचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले. आणि दोन खिडक्यांच्या मधे जिथे म्हणून लाकूड दिसतं, तिथे कोरीव काम. एक वीतही कोरी सोडलेली नाही.

"मावशी, आधी पोटात काहीतरी घाल, मग घर बघ. ते साडेचारशे वर्षं तिथेच आहे," भाची म्हणाली. तरी पाऊस येईपर्यंत मी हलले नाही.

रात्री तिने फ्लामेकुशं खायला नेलं. पापडासारख्या पातळ पोळीवर आंबटसर साय, कांदा आणि डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, लाकडाच्या भट्टीत करपायच्या बेतात भाजलेली. ती लाकडी फळीवर येते, हातानेच गुंडाळून खायची आणि टेबलावरच्या सगळ्यांनी एकीतून खायची. मांस न खाणाऱ्यांनी ऑर्डर देतानाच "सां लार्दों" म्हणावं. मशरूमची पण मिळते आणि ती फार चांगली असते. या दिवसांत नुकती आंबू लागलेली नवी वाइन मिळते, गढूळ आणि गोड. सोबत ताजे अक्रोड देतात. हे फक्त द्राक्षतोडणीच्या हंगामातच मिळतं, तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलात तर चुकवू नका.

शनिवार

सकाळी नदीकाठच्या जुन्या मासळीबाजाराच्या चौकात शेतकऱ्यांचा बाजार भरतो. कॅथेड्रलपासून चालत पाच मिनिटं. भोपळे, द्राक्षं, मध, हरतऱ्हेचं चीज. एका टेबलामागे साठीच्या बाई म्युन्स्टर चीज विकत होत्या. त्याचा वास लांबूनच येतो आणि पहिल्यांदा खाणाऱ्याला तो उग्र वाटतो. त्यांनी सुरीच्या टोकावर एक तुकडा दिला आणि वर जिऱ्यासारखे बारीक दाणे भुरभुरले. चव वासाच्या अगदी उलट, मऊ आणि दुधाळ. भाचीने फ्रेंचमध्ये त्यांना सांगितलं की माझी मावशी भारतातून कामरझेल बघायला आली आहे.

बाई सुरी खाली ठेवून म्हणाल्या, "ते आमच्या धंद्यातल्या माणसाने बांधलंय, माहीत आहे ना?"

ते मला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकताना फार आनंद झाला. या घराची गोष्ट अशी. या जागेवर 1427 पासून घर आहे. आज दिसणारा दगडी तळमजला 1467 सालचा. 1571 मध्ये मार्टिन ब्राउन नावाच्या चीजच्या व्यापाऱ्याने ते विकत घेतलं. तळमजल्याचा दगड त्याने राखला, त्यावरचं सगळं उतरवलं आणि 1589 मध्ये नवे लाकडी मजले चढवले. म्हणजे ज्या कोरीव कामासाठी जग हे घर बघायला येतं, ते एका चीजवाल्याच्या पैशातून झालं. खालच्या कमानींमधे दुकान, वर राहायची जागा आणि माळ्यावर माल, अशी व्यापाऱ्याच्या घराची तेव्हाची रीतच होती.

खाली दगड आणि वर लाकूड का, हेही इथे उभं राहिलं की कळतं. स्ट्रासबर्गचा जुना भाग इल नदीच्या दोन फाट्यांमधल्या बेटावर आहे, जमीन ओलसर आणि मऊ. कॅथेड्रलचा पाया भरतानासुद्धा लाकडी खुंट ठोकावे लागले. अशा जमिनीवर घराचा भार जितका कमी तितका चांगला. तळमजल्याला दगड घातला की ओल आणि आग दोन्हींपासून बचाव होतो. वरती ओकच्या खांबांचा आणि तुळयांचा सांगाडा करून मधल्या जागा भरून काढायच्या. आपल्याकडच्या वाड्यांत जोत्यावर सागवानी खांब उभे करून भिंती मागाहून भरत, त्यातलाच हा विचार. मजले पुढे काढल्याने वर जागा वाढते आणि खालची भिंत पावसापासून वाचते.

बाजारातून थेट घरासमोर गेलो. भाचीकडून दुर्बीण घेतली होती. जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन: दुर्बीण न्या. नुसत्या डोळ्यांनी नक्षी दिसते, दुर्बिणीतून माणसं दिसतात.

आणि किती माणसं! बायबलमधली आहेत, ग्रीक-रोमन काळातली आहेत, मध्ययुगातले राजे आहेत. ज्यूलियस सीझर आहे, शार्लमेन आहे. श्रद्धा, आशा आणि करुणा या तिघी ख्रिस्ती सद्गुणांच्या मूर्ती आहेत. करुणेसोबत पेलिकन पक्षी आहे, कारण तो स्वतःच्या छातीचं रक्त पाजून पिल्लांना जगवतो अशी त्या काळी समजूत होती. वाद्यं वाजवणारे आहेत. पाच इंद्रियं आहेत, माणसाच्या वयाच्या अवस्था आहेत, राशिचक्राच्या बाराही राशी आहेत. मेष, वृषभ, मिथुन करत मी एकेक शोधत गेले. भाची शेजारी उभी राहून मोठ्याने मोजत होती आणि विंचू सापडल्यावर आम्ही दोघीही ओरडलो, तेव्हा शेजारच्या जपानी आजोबांनी आमच्याकडे दुर्बीण मागितली. मग त्यांच्या बायकोने, मग नातवाने. पंधरा मिनिटं आमची दुर्बीण चौकात फिरत होती.

एका खिडकीच्या बाजूची एक बाई मी बराच वेळ बघत राहिले. चेहऱ्याचा तपशील वाऱ्यापावसाने गुळगुळीत झालाय, नाकाची कड उरलेली नाही. पण झग्याच्या चुण्यांमधली पटाशीची धार अजून स्वच्छ दिसते. खोल भागात लाकडाचा मूळचा तपकिरी रंग दडून आहे आणि उंचवट्यावर ते काळंभोर झालंय. गुडघ्यापाशी एक तडा उभा खाली गेलाय, ओकच्या रेषेला धरून. सुताराने लाकडाची रेषा उभी ठेवून ती बाई कोरली, म्हणून तडा चेहऱ्यात न जाता झग्याच्या चुणीतच लपला.

एका व्यापाऱ्याने घराबाहेर राशी आणि सीझर आणि करुणा असं सगळं एकत्र का मांडावं? त्याचं उत्तर मला त्याच दुपारी समोरच्या कॅथेड्रलात मिळालं असं वाटतं.

तिथलं खगोलीय घड्याळ दुपारी साडेबाराला चालताना बघायचं असतं. (त्यासाठी आधीपासून तिकीट काढून आत जावं लागतं. तिथला बारा वाजताचा माहितीपट बघाच, त्याशिवाय काय चाललंय ते कळत नाही. रविवारी प्रार्थना असते, त्या दिवशीचा बेत करू नका.) आजचं यंत्र 1842 सालचं, श्विल्गे नावाच्या कारागिराचं. पण त्याची उंच, रंगवलेली पेटी त्याच्याआधीच्या घड्याळाची आहे, 1574 सालची. वरच्या भागात मृत्यू हातात हाड घेऊन उभा असतो आणि बालक, तरुण, प्रौढ, म्हातारा असे एकेक जण पाव-पाव तासाने त्याच्यासमोरून जातात. साडेबाराला बारा शिष्य ख्रिस्तासमोरून जातात आणि वरचा कोंबडा पंख फडफडवून तीनदा आरवतो. आतली सगळी गर्दी श्वास रोखून असते, आणि कोंबडा आरवला की हसू फुटतं.

ब्राउनने घर घेतलं 1571 ला. हे घड्याळ पुरं झालं तीन वर्षांनी. स्वतःच्या दारातून निघून समोरच्या कॅथेड्रलात तो ते बघू शकत होता: वयाच्या अवस्था, ग्रह, राशी, सगळं. तेव्हाचं स्ट्रासबर्ग जर्मन लोकांच्या पवित्र रोमन साम्राज्यातलं स्वतंत्र शहर होतं. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातच शहराने धर्मसुधारणा स्वीकारली होती आणि या कॅथेड्रलात प्रोटेस्टंट प्रार्थना चालत. शहरात छापखाने होते, मोठी शाळा होती, ग्रीक-लॅटिन शिकलेल्या पंडितांचा राबता होता. त्या शहरात बायबल आणि सीझर एकाच भिंतीवर येण्यात कोणाला विसंगती वाटत नव्हती. कॅथेड्रलच्या आत जे ज्ञान यंत्रात मांडलं होतं, ते एका दुकानदाराने बाहेर, रस्त्यावरच्या माणसासाठी लाकडात मांडलं. असं कुठे लिहून ठेवलेलं नाही, हा माझा अंदाज. पण चौकात उभं राहून दोन्हीकडे आळीपाळीने बघा आणि मग सांगा.

संध्याकाळी कॅथेड्रलच्या गच्चीवर चढलो. तीनशेहून अधिक पायऱ्या, गोल जिना, 66 मीटर उंची. गुडघे धड असतील तर जरूर चढा. वरून कामरझेलचं छप्पर प्रथमच पूर्ण दिसलं. रस्त्यावरून कल्पना येत नाही, पण ते छप्परच घराच्या उंचीचा मोठा हिस्सा आहे. पलीकडे जर्मनीतल्या काळ्या जंगलाचे डोंगर पुसट निळे दिसत होते.

रविवार

दुपारचं जेवण कामरझेलमध्येच. ते आता हॉटेल आणि रेस्टॉरंट आहे. महाग आहे, पण आत जायचा सगळ्यात चांगला रस्ता तोच. टेबल आधी राखून ठेवा आणि पहिल्या मजल्यावरचं मागा.

आतली चित्रं बाहेरच्या कोरीव कामाइतकी जुनी नाहीत, आणि हे माहीत असलं तर ती जास्त आवडतात. 1879 मध्ये कॅथेड्रलची देखभाल करणाऱ्या अव्र नोत्र-दाम या संस्थेने हे घर विकत घेतलं. ही संस्था तेराव्या शतकापासून चालू आहे. कॅथेड्रलचे दगड घडवणारे कारागीर आजही तिच्याकडेच आहेत. तिने घराची डागडुजी करून घेतली आणि 1905 च्या सुमारास आतल्या भिंती रंगवायचं काम लेओ श्नुग या तरुण चित्रकाराला मिळालं. मूर्खांनी भरलेलं जहाज, मेजवान्या, शूर शिपाई, सगळं त्याने या भिंतींवर भरलं. तो स्ट्रासबर्गचाच, 1878 चा जन्म. जवळच्या ओ-क्योनिग्सबुर्ग किल्ल्यातही त्याची भित्तिचित्रं आहेत. त्याचं पुढचं आयुष्य दारूने आणि आजाराने खाल्लं, आणि 1933 मध्ये तो मनोरुग्णालयात वारला. आमच्या टेबलाशेजारच्या भिंतीवर एक शिपाई होता, पिसांची टोपी घातलेला, गालावर लाली. टोपीतलं एकेक पीस एकाच फटकाऱ्यात काढलेलं, हात कुठे थांबलेला नाही.

वाढणारे गृहस्थ पन्नाशीचे असतील. चित्र निरखताना बघून ते स्वतःहून थांबले. म्हणाले, "बहुतेक लोक ताटाचा फोटो काढतात. तुम्ही भिंतीचा काढलात." मग त्यांनी आम्हाला बाजूची रिकामी खोली उघडून दाखवली. आभाळ अजून भरलेलं होतं, पण त्या गोल काचांतून आलेला उजेड हिरवट-सोनेरी होऊन पांढऱ्या टेबलक्लॉथवर वर्तुळं वर्तुळं पडला होता. बाहेर चौकात चालणारी माणसं त्या काचेतून नुसत्या हलत्या रंगांसारखी दिसत होती. ब्राउनच्या घरातल्यांना समोरचं कॅथेड्रल असंच दिसत असणार, तुकड्यातुकड्यांत.

इथला खास पदार्थ म्हणजे तीन माशांची शुक्रूट. शुक्रूट म्हणजे मिठात आंबवलेला बारीक चिरलेला कोबी. अल्सासमध्ये, म्हणजे स्ट्रासबर्ग-कोलमारच्या या प्रांतात, एरवी तो सॉसेज आणि डुकराच्या मांसाबरोबर येतो. इथे त्यावर तीन प्रकारचे मासे आणि लोण्याचा सॉस. कोबीचा आंबटपणा माशाला इतका शोभतो की कोकणातल्या माणसाला तो लगेच पटेल. मी ताट पुसून खाल्लं.

घराचं नाव मात्र ब्राउनचं राहिलं नाही. एकोणिसाव्या शतकात इथे किराणा मालाचं दुकान चालवणाऱ्या कामरझेलचं नाव घराला चिकटलं ते आजतागायत. मला याचं वाईट वाटतं. किराणावाल्याने घर जपलं असेल, पण बांधलं ते ब्राउनने. दारावरच्या पाटीवर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत असायला हवं होतं.

जेवणानंतर पेतित फ्रान्स भागात फिरलो. चांभारकीसाठी कातडी कमावणाऱ्यांची ही वस्ती. पाण्याच्या कडेची त्यांची घरं बघितली की छपरातले उघडे मजले दिसतात. कातडी वाऱ्यावर वाळवायला ते तसे ठेवले होते. एक घर 1572 सालचं आहे, म्हणजे ब्राउनच्या घराच्या बरोबरीचं. त्यावर नक्षी नाही, तुळया साध्या. सांगाडा समजून घ्यायचा असेल तर आधी हे बघा आणि मग कामरझेल. आमचा क्रम उलटा झाला, पण चाललं.

संध्याकाळी भाचीच्या घरमालकीणबाईंनी कुगेलहोफ केक आणि कॉफीला बोलावलं. ऐंशीच्या पुढच्या. त्यांची आजी जन्मली तेव्हा अल्सास जर्मनीत होतं. 1918 मध्ये ती फ्रेंच झाली, 1940 मध्ये नाझींनी पुन्हा जर्मनीत ओढलं आणि युद्ध संपल्यावर परत फ्रेंच. "आजी एकाच घरात राहिली आणि तिचे देश बदलत गेले," त्या म्हणाल्या. 1870 मध्ये जर्मन सैन्याने घातलेल्या वेढ्यात इथलं ग्रंथालय जळून राख झालं आणि कॅथेड्रलचं छप्परही पेटलं. ऑगस्ट 1944 च्या बॉम्बहल्ल्यात कॅथेड्रलला आणि शेजारच्या रोहान राजवाड्याला मार बसला. लाकडाचं कामरझेल या दोन्हींतून वाचलं. कसं, असं मी विचारलं. त्यांनी केकचा आणखी एक तुकडा माझ्या बशीत ठेवला आणि म्हणाल्या, "नशीब. आणि पाण्याच्या बादल्या."

सोमवार

कोलमारला स्थानिक रेल्वेने अर्धा तास लागतो, गाड्या वारंवार असतात. सकाळी धुकं होतं, दहाच्या सुमारास ऊन पडलं.

कोलमारमधलं मेझों फिस्टर मला बघायचं होतं ते तुलनेसाठी. ते 1537 सालचं, म्हणजे ब्राउनच्या लाकडी मजल्यांहून अर्धशतक जुनं. लुडविग शेरर नावाच्या टोप्यांच्या व्यापाऱ्याने बांधलेलं. चांदीच्या व्यवहारात त्याने पैसा केला होता. इथेही घराला नाव मिळालं ते नंतरच्या फिस्टर कुटुंबाचं. पण या कुटुंबाने एकोणिसाव्या शतकात त्याची दुरुस्ती केली, तेव्हा त्यांचा हक्क तरी आहे. कोपऱ्यातून बाहेर आलेली दुमजली खिडकी, लाकडी सज्जा, अष्टकोनी मनोरा. आणि इथे कोरीव कामाच्या जागी रंग आहेत: भिंतींवर सम्राट, बायबलमधली माणसं, सद्गुणांची रूपं. उन्हात ते घर हसरं दिसतं. कामरझेल गंभीर आहे. मला गंभीरच जास्त आवडलं, पण भाचीचा कौल फिस्टरला. दुपारच्या जेवणापर्यंत आमचा वाद चालला.

कोलमारला जाणाऱ्यांनी उंटरलिंडेन संग्रहालयातलं इझेनहाइमचं वेदीचित्र सोडू नये. निदान दीड तास हातात ठेवा. संग्रहालय मंगळवारी बंद असतं.

शेवटी मुंडक्यांचं घर बघितलं, मेझों दे तेत. 1609 सालचं, तेही एका व्यापाऱ्याचंच. दर्शनी भागावर शंभराहून अधिक चेहरे आणि मुखवटे आहेत: काही हसतात, काही ओरडतात, काही नुसतेच फुगलेले. अगदी वर, पाख्याच्या टोकावर, पिंप घेतलेला एक माणूस उभा आहे. तो बार्तोल्दीने 1902 मध्ये बसवला, कारण तेव्हा इथे वाइनचा बाजार चालत असे. बार्तोल्दी कोलमारचाच. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा त्याचा. भाचीने दुर्बीण माझ्या हातून घेतली, बराच वेळ वर रोखली आणि म्हणाली, "मावशी, याच्या ग्लासात काहीतरी आहे. बघ." मी बघितलं. ऊन नेमकं त्याच बाजूने येत होतं, मला काही दिसलं नाही. ती अजूनही म्हणते की होतं.